लक्षद्या साडेतीनला येते

“कृपया लक्ष द्या,” ऋजू म्हणाली. “परीनगरहून सुटणारी, ढगवाडीमार्गे परीनगरला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे.”

गाडी उभी होतीच. पिवळी, तीन डब्यांची, इंजिनाच्या तोंडावर हसरा हत्ती रंगवलेली. डब्यांत मात्र चिटपाखरू नव्हतं. फेब्रुवारीतला सोमवार, शाळा चालू, त्यामुळे त्या एवढ्या मोठ्या पार्कात आम्ही तिघं धरून वीसेक माणसं असतील. आकाशपाळणा रिकामाच फिरत होता. कारंज्याचे तुषार वाऱ्याने उडून वाटेवर येत होते. कुंपणापलीकडे उसाचे फड होते आणि तिकडच्या कुठल्याशा गुऱ्हाळातून ताज्या गुळाचा वास सगळीकडे पसरला होता. नुसता श्वास घेतला तरी जीभ गोड होत होती. इतकी वर्षं झाली, पण तो दिवस आठवला की मला आधी तो वास येतो आणि मग बाकीचं दिसायला लागतं.

ऋजूचा आवाज माझा होता. म्हणजे बोलत होती नऊ वर्षांची ती पोर, पण ‘फलाट’मधल्या ‘ला’वर जरा रेंगाळायची खोड माझी, ‘क्रमांक’नंतर घेतलेला श्वास माझा. मी तेव्हा सांगलीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोल रूममध्ये होते. गाड्या लागल्या, सुटल्या, रद्द झाल्या, की माइकवर सांगायचं, हे माझं काम. बारा वर्षं सांगत होते. ते इतकं मन लावून कुणी ऐकत असेल, असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

“बसायचं?” ऋजूच्या बाबांनी विचारलं.

“फलाट क्रमांक एक,” ऋजू म्हणाली आणि मधल्या डब्यात जाऊन बसली.

हेमंत मगदूम त्यांचं नाव. सांगलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते सोमवारी बंद असायचं. दर सोमवारी ते ऋजूला घेऊन स्टँडवर येत. जायचं कुठेच नसे. स्पीकरखालच्या बाकावर दोन तास बसायचं, माझ्या घोषणा ऐकायच्या आणि घरी जायचं. ऋजूला मोठे आवाज सोसत नसत, गर्दी सोसत नसे, कपड्यातली शिवण टोचली तरी ती दिवसभर रडे. पुण्याच्या डॉक्टरांनी ‘स्वमग्न’ असा शब्द सांगितला होता. पण माझा आवाज तिला चालायचा. का, ते हेमंतना विचारलं तर म्हणाले, “तुम्ही म्हणता गाडी लागली, आणि गाडी लागलेली असते. उशीर असला तर उशीर आहे म्हणता. तिला तेवढंच पाहिजे असतं.”

एका सोमवारी ती थेट माझ्या खिडकीशी आली आणि माझ्या खांद्याकडे बघत तिने विचारलं, “लक्षद्या आत आहे?”

मला कळेना. हेमंत मागून धावत आले, लाजेने अर्धे झालेले. “अहो, तुमचं नाव तेच आहे असं तिला वाटतं. कृपया लक्षद्या. विद्या असतं ना, तसं. कृपया नाव, लक्षद्या आडनाव.”

मी इतकी हसले की माइक चालू आहे हे विसरले आणि माझं हसणं सगळ्या स्टँडने ऐकलं. माझं नाव शैलजा कुंभोजकर. पण ऋजूसाठी त्या दिवसापासून आजपर्यंत मी लक्षद्याच.

त्याच दिवशी तिने आणखी एक प्रश्न विचारला होता. “‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आहोत कोण कोण?”

“कोण कोण म्हणजे?”

“आत कोण कोण आहे?”

मी मागे वळून बघितलं. टेबल, रजिस्टर, पाण्याचा माठ. “कुणी नाही गं. मी एकटीच.”

“मग ‘आहे’ म्हणायचं,” ऋजू म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

त्या रात्री मी घरी एकटीच जेवले. एकटी तर मी रोजच जेवत होते, आई गेल्यापासून. पण त्या दिवशी ते जाणवलं.

असे दीड वर्षाचे सोमवार गेले. मग एके दिवशी हेमंतनी खिडकीतून चष्म्याची एक डबी आत सरकवली. आत चिठ्ठी होती. बोलायला धीर झाला नाही म्हणून लिहिलंय, लग्नाचा विचार कराल का, असं. ऋजूची आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी छत्तीसची, दोन खोल्यांची, माझ्या वेळेवर माझा चहा पिणारी. माझा भाऊ म्हणाला, “दुसऱ्याचं ओझं कशाला डोक्यावर घेतेस?” मला त्याचा राग आला. पण राग आला म्हणून त्याचं बोलणं डोक्यातून गेलं असं नाही.

“एक दिवस आमच्याबरोबर घालवा,” हेमंत म्हणाले. “पूर्ण दिवस. आणि संध्याकाळी सांगा. नाही म्हणालात तरी पुढच्या सोमवारी आम्ही बाकावर असूच. तिच्यासाठी यावंच लागेल.”

म्हणून आम्ही तिथे आलो होतो. कोल्हापूर रस्त्याला, सांगलीहून तासाभरावर ते पार्क नवीनच झालं होतं आणि तिथे आगगाडी आहे, फलाटासकट, हे ऋजूला कुठूनसं कळलं होतं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. हेमंत निरोप घेताना ‘येतो’ म्हणत नसत. “बरंय, जातो,” म्हणत. दर सोमवारी माझ्या काळजात चर्र व्हायचं. माझ्या आईने तर त्यांना परत खाली बसवलं असतं, पाणी पाजलं असतं आणि ‘येतो’ म्हणवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नसता. आमच्याकडे दारावर आलेला बोहारीसुद्धा ‘येतो’ म्हणायचा. शिकलेला, नीटनेटका माणूस, आणि एवढं साधं कसं कळत नाही? विचारावं असं कित्येकदा तोंडावर आलं होतं. पण दुसऱ्याच्या बोलण्यात चुका काढणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले.

आगगाडी चालवणारे म्हातारेसे गृहस्थ होते. सगळे त्यांना दाजी म्हणत. गळ्यात शिट्टी. ती तोंडाकडे नेताच ऋजूने दोन्ही कान झाकले.

“न्हाई वाजवत, बाळ,” दाजी म्हणाले आणि शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली. खांद्यावरचा हिरवा पंचा काढून त्यांनी हवेत हलवला. “हे चालंल?”

ऋजूने कानांवरचे हात काढले. गाडी सुटली.

सात मिनिटांचा फेरा होता. आधी प्लॅस्टरचे हरीण, मग कमळांचं तळं, मग ढगवाडी. ढगवाडी म्हणजे पत्र्याचा बोगदा आणि त्यात सोडलेला पांढरा धूर. आत शिरलं की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. कुठून तरी निळा उजेड यायचा आणि अंगाला गार ओलसर वारा लागायचा. बाहेर आलं की एकदम ऊन, ऊस, तो गुळाचा वास, आणि पुन्हा तोच फलाट, परीनगर. जिथून निघालो तिथेच. पहिल्या फेरीत मला गंमत वाटली. तिसऱ्या फेरीत कंटाळा आला. सहाव्या फेरीत कंटाळाही कुठे तरी विरघळला. धुरात शिरायचं, धुरातून निघायचं. आपण कुठल्या साली आहोत, किती वयाच्या आहोत, याचं भान सुटत चाललं होतं. ढगवाडीत ऋजू माझ्या दंडाला कपाळ टेकायची, आणि ऊन आलं की काढून घ्यायची. दर वेळी. मी त्या बोगद्याची वाट बघायला लागले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

“हिला तीच गाडी का आवडते?” मी विचारलं. “बाकी एवढं सगळं आहे.”

हेमंतनी समोरच्या रुळांकडे बघितलं. “जाते आणि परत येते,” ते म्हणाले. “दर वेळी येते.”

मला ते उत्तर नीटसं समजलं नव्हतं.

दुपारी झाडाखाली डबे सोडले. ऋजूने तिच्या ठरलेल्या डब्यातला ठरलेला दहीभात खाल्ला. मी आणलेली गुळाची पोळी तिने उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात परत ठेवली. “नको” असं स्वच्छ म्हणाली. मला बरं वाटलं. आमच्या नात्यात पाहुणे पोळी खातात आणि नंतर नावं ठेवतात.

मग ती चूक झाली. चूक कुणाची, असं बोट दाखवता येणार नाही. ऊन तापलं होतं, लाटांचा तलाव जवळच होता, आणि “पाय बुडवू या का?” असं मीच म्हणाले. चपला काठावर काढल्या. पाणी संथ होतं, ऋजू घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून स्वतःच्या बोटांकडे बघत होती. लाटा सुरू करण्याआधी भोंगा वाजवतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

तो वाजला.

ऋजू ओरडली. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ती फरशीवर बसली आणि गुडघ्यांवर कपाळ आपटायला लागली. मी घाबरून तिचा हात धरला, तर ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. हेमंत पाण्यातून धावत आले, अंगातला शर्ट काढून तो त्यांनी तिच्या डोक्यावरून पांघरला आणि आपण नुसत्या बनियनवर तिच्याशेजारी बसून राहिले. “हात सोडा,” मला म्हणाले, “तिला नुसता अंधार लागतो.”

तेवढ्यात पाण्यातली एक बाई मोठ्याने म्हणाली, “आवरा की ओ पोरगीला! कशी म्हणायची आई ही!”

ती माझ्याकडे बघत होती. दोन-चार माणसं माझ्याकडे बघत होती. मनगट ठणकत होतं, तोंडावर ऊन होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी तिची आई नाही हो!”

स्टँडवरच्या आवाजात. सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं.

हेमंतनी मान वर केली नाही. दहा मिनिटांनी ऋजू शांत झाली. शर्टच्या आतून आधी काहीच आवाज येत नव्हता. मग आला, आणि तो माझा होता.

“मी तिची आई नाही हो.”

ती उठली, अनवाणीच आगगाडीकडे चालू लागली. आम्ही मागून. “मी तिची आई नाही हो,” ती म्हणत होती. रागाने नाही, दुःखाने नाही. कोल्हापूरची गाडी लागली हे जसं सांगते तसं. अख्ख्या वाटेवर. तोच ठसका, तोच ‘हो’वरचा तिटकारा. मी स्वतःला इतकं वाईट कधीच ऐकलं नव्हतं. कारंज्यापाशी माझे डोळे भरून आले आणि तुषारांमुळे ते कुणाला दिसलं नाही, एवढंच बरं झालं.

ती गाडीत जाऊन बसली. दाजींनी पंचा हलवला. आम्ही दोघं फलाटावर उभे राहिलो.

“मला नाही जमणार,” मी म्हणाले.

हेमंतनी मान हलवली. ते उत्तर खिशात घेऊनच आले असावेत, असं मला वाटलं, आणि ते जास्त लागलं. “संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नव्हती,” ते म्हणाले. “सांगितलंत, बरं केलंत. सोडून येऊ का सांगलीला?”

“नको, तिची फेरी मोडेल. फाट्यावर एस.टी. मिळते. साडेतीनची आहे.”

“तुम्हाला काय, सगळ्या पाठ,” असं म्हणून ते हसले. अंगात पुन्हा घातलेला ओला शर्ट पाठीला चिकटला होता. “तुमच्या चपला आणतो. त्या तिकडेच राहिल्या.”

ते चपला घेऊन आले, माझ्या पायांशी ठेवल्या आणि ऋजूसाठी पाणी आणायला कँटीनकडे गेले. मला वाटतं मुद्दाम गेले. निरोपाची वेळ टाळायला.

गाडी ढगवाडीतून बाहेर आली, फलाटाला लागली. मी डब्यापाशी गेले. ऋजूच्या भुवयांवर धुराचे बारीक थेंब होते. काही तरी बोलायला हवं होतं. क्षमा मागायला हवी होती. पण नऊ वर्षांच्या मुलीची कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. मग मी तेच म्हणाले जे माझ्या आईने, आजीने, गल्लीतल्या प्रत्येक बाईने दारातून निघताना म्हटलं असेल.

“येते हं, ऋजू.”

तिने एकदम माझ्याकडे बघितलं. खांद्याकडे नाही, डोळ्यांकडे. दीड वर्षात पहिल्यांदा.

“किती वाजता?”

मला वाटलं, माझी गाडी विचारतेय. गाड्यांशिवाय ती दुसरं काय विचारणार?

“साडेतीन,” मी म्हणाले.

तिने हातातल्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी निघाले.

फाटा दहा मिनिटांवर. एक वड, त्याखाली सिमेंटचा बाक, बाकावर मी. समोर उसाने भरलेल्या बैलगाड्या संथपणे चालल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवरचा गाडीवान चक्क झोपला होता. मनगटावर आठ दात उमटले होते. मी मनाला समजावत होते. खरं तेच बोललीस, वेळेवर बोललीस, तिघांचंही भलं झालं. मन ऐकून घेत होतं आणि काही बोलत नव्हतं.

तीन पंचविसाला हेमंत धावत आले. दम इतका लागला होता की आधी बोलताच येईना.

“ऋजू?” मी उठले.

“दाजींजवळ आहे. गाडीत. ठीक आहे.” त्यांनी वडाला हात टेकला. “तुम्ही तिला काय सांगितलंत?”

“काही नाही. येते म्हणाले.”

त्यांनी डोळे मिटले. “आणि वेळ?”

“तिने विचारली. मी बसची...” बोलता बोलता माझ्या लक्षात आलं.

“ती सगळ्यांना सांगतेय. लक्षद्या साडेतीनला येते.” ते बाकावर बसले. “तुमची चूक नाही. तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं. तिची आई ऑपरेशनला निघाली ना, तेव्हा दारात तिच्या गालाला हात लावून म्हणाली होती, येते गं राणी. असंच. सगळे म्हणतात तसं. आणि नाही आली.”

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

“ऋजू अकरा महिने दारात बसली. रोज. जेवण दारात, झोप दारात. आम्ही सांगितलं, आई गेली. तर म्हणाली, नाही, येते म्हणाली. घर बदललं तेव्हा कुठे उठली. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द नाही. मी जातो म्हणतो. लोक चिडतात. सासूबाई तर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, ह्याच्या तोंडी अभद्रच. पण जातो म्हटलं की ती बसून राहत नाही. परत आलो तर आलो.”

काळजात चर्र व्हायचं ना माझ्या, दर सोमवारी? आता त्याची लाज वाटली. नीटनेटका माणूस आणि एवढं कळत नाही, असं मी म्हणत होते.

“एक विनंती आहे,” हेमंत म्हणाले. “दोन मिनिटं परत चला. आणि तिला सांगा, जाते. बस, एवढंच. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती मानेल. खरं असलं की तिला सगळं चालतं. मग मी तुम्हाला सव्वाचारच्या गाडीला आणून सोडतो.”

तेवढ्यात कोल्हापूर–सांगली आली. साडेतीन म्हणजे साडेतीन. कंडक्टरने मला ओळखलं. “या मॅडम, आज इकडं कुठं?”

“तुम्ही व्हा पुढे,” मी म्हणाले. “मी सव्वाचारने येते.”

येते. पुन्हा तोच शब्द. जिभेला दुसरा माहीतच नव्हता.

बस गेली, धूळ बसली, आणि आम्ही परत चालू लागलो. ऊन पिवळं झालं होतं. पार्कातला आकाशपाळणा झाडांच्या वर हळूहळू फिरत होता, आणि गुळाचा वास आता इतका दाट झाला होता की झोप यावी. मी मनातल्या मनात म्हणून बघत होते. जाते. ऋजू, मी जाते. दोनच अक्षरं. बारा वर्षं मी माइकवर गाड्या ‘जाणारी’ म्हणत होते, हजारो वेळा, आणि स्वतःसाठी म्हणायची वेळ आली तर ओठ हलेनात. आई शेवटची दवाखान्यात जाताना, तिला आणि मला दोघींनाही माहीत असताना, तीसुद्धा ‘येते’च म्हणाली होती. मीही ‘ये’ म्हणाले होते. आम्हाला दोघींना ते खोटं वाटलं नव्हतं.

हेमंत एक पाऊल मागून येत होते. त्यांनी एकदाही घाई केली नाही.

फलाटावर गाडी उभी होती. दाजी इंजिनाला टेकून उभे, हातात पंचा तसाच. “चार येळा इचारलं, सोडू का गाडी,” ते म्हणाले. “पोरगी न्हाई म्हणतीया. परवाशी यायचा हाय म्हणं.”

ऋजू डब्यात नव्हती. फलाटाच्या अगदी कडेला, वाटेकडे तोंड करून, अनवाणी उभी होती. दोन्ही हात कानांवर. समोर कुणी नव्हतं, आणि ती माझ्या आवाजात, माझ्या श्वासांसकट, त्या रिकाम्या पार्काला सांगत होती,

“कृपया लक्ष द्या. साडेतीन वाजता येणारी लक्षद्या उशिरा धावत आहे.”

रद्द झाली, असं नव्हती म्हणत. उशिरा धावत आहे म्हणत होती. गाडी रद्द झाली तर मी तसं सांगते, हे तिला ठाऊक होतं. आणि मी तसं सांगितलेलं नव्हतं.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. हेमंत मागे थांबले. ते काय ऐकायला थांबलेत, ते मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. ‘जाते’ म्हणायचं होतं.

“आले,” मी म्हणाले.

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. माइकवरचा नव्हता तो.

ऋजूने कानांवरचे हात काढले. घड्याळ बघितलं. “सतरा मिनिटं उशीर.”

“हो गं,” मी म्हणाले. मग तिला कळेल असं, नीट, सावकाश म्हणाले, “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

तिची मान तिरकी झाली. मी ओळखलं, आता काय येणार ते.

“आहोत कोण कोण?”

मागे हेमंत उभे होते. मला त्यांच्याकडे बघायची गरज वाटली नाही. आयुष्यात इतकी खात्री मला कुठल्याच घोषणेची नव्हती.

“आपण,” मी म्हणाले.

ऋजूने विचार केला. बराच वेळ केला. तिच्याकडे घाईत काही मान्य होत नाही.

“मग बरोबर,” ती म्हणाली आणि डब्यात जाऊन बसली. बाजूची जागा तिने हाताने झटकली. दाजींनी पंचा हलवला. ढगवाडी आली तेव्हा तिने माझ्या दंडाला कपाळ टेकलं, आणि पलीकडे ऊन आलं तरी काढलं नाही. मागच्या डब्यात हेमंत रडत होते. गाडीचा आवाज होता, म्हणून मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सव्वाचारची गाडी गेली असेल. मी काही बघितली नाही.

याला आता वीस वर्षं झाली. ऋजू दुकानात बसते. एक हजार चष्म्यांत कुठला नंबर कुठल्या खणात, हे तिला विचारावं लागतं, आम्हाला नाही. नवीन गिऱ्हाईक माझ्याकडे बोट दाखवून विचारतं, ही तुझी आई का? ऋजू सांगते, “आई नाही. लक्षद्या.” गिऱ्हाईक ओशाळतं. मी हसते. आमच्या घरात ‘येते’ म्हणायचं तर पुढे वेळ सांगावी लागते, आणि सांगितली की पाळावी लागते. मी नेहमी दहा मिनिटं वाढवून सांगते. पण ऋजू स्वतः मात्र कधी काही म्हणत नसे. आमच्याबरोबर बाहेर निघाली की नुसती निघायची.

मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा एकटी मिरजेला गेली, चष्म्याच्या काचा आणायला. एस.टी.ने. चपला घातल्या, पिशवी घेतली, दारात थांबली. मागे वळली नाही.

“येते,” ती म्हणाली. “सहा वाजता.”

मी पाच वाजल्यापासून दारात बसले होते. हेमंत आतून म्हणाले, “अगं, अजून तास आहे.” मी म्हटलं, असू दे.